चैतीला सांगितलेलं घर

लोकांची थुंकी गोळा करण्याची नोकरी मी केली. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना हे सांगायची सोय नव्हती, म्हणून आई "मुलगी दवाखान्यात आहे" एवढंच सांगे आणि पाहुणे मला नर्स समजत. मी नर्स नव्हते. वडील डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क होते, मी मॅट्रिक झालेली होते आणि क्षयरोगाच्या एका पाहणीसाठी तालुक्यात पायी हिंडणारी, मराठी-गुजराती दोन्ही येणारी बाई हवी होती. तेवढ्यावर मला घेतलं. पालघर जिल्हा तेव्हा नव्हता. डहाणू आणि तळासरी ठाण्यातच होतं, आणि साठ साल उजाडायला अजून अवकाश होता.

काम काय होतं ते आधी सांगते. क्षयावर तेव्हा नवी औषधं आली होती. माणूस हमखास मरायचा तो वाचू लागला होता. पण औषध वर्षभर घ्यावं लागे आणि रोग्याला ते वर्ष इस्पितळात काढावं लागे. खाटा मोजक्या आणि रोगी पाड्यापाड्यावर. मग प्रश्न असा पडला, की हीच औषधं रोग्याला त्याच्या घरी दिली तर तो तितकाच बरा होईल का? घरी म्हणजे कुडाच्या झोपडीत, चुलीच्या धुरात, नाचणीच्या आंबिलीवर. आमच्या डॉक्टरांना हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. सांगायचं तर काही रोगी इस्पितळात आणि काही घरी ठेवून वर्षाअखेर ताडून बघायला हवं होतं.

कुणी कुठे राहायचं हे आम्ही ठरवायचं नाही, हा पहिला नियम. डॉक्टर ठरवू लागले की खंगलेले रोगी इस्पितळात पाठवणार आणि हिंडते-फिरते घरी ठेवणार, मग तुलना कसली? म्हणून बंद पाकिटं होती. रोगी सापडला, त्याला सगळं समजावून त्याचा अंगठा घेतला, की गठ्ठ्यातलं वरचं पाकीट फोडायचं. आत एक चिठ्ठी असे. 'घर' किंवा 'इस्पितळ'. पाकीट फोडायचं काम माझ्याकडे होतं.

डॉक्टर राजापूरकडचे, किरकोळ अंगाचे, बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारे. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "राऊतबाई, आपण दयाळूपणा करायला लागलो की आकडे खोटे होतात. आणि आकडे खोटे झाले की पुढच्या हजार रोग्यांवर चुकीचे उपचार होतात. हे पाठ करून ठेवा."

मी पाठ केलं.

घरी राहिलेल्या रोग्यांकडे मी न सांगता जायची. गोळ्या मोजायची, लघवीचे चार थेंब औषधात टाकून रंग बघायची. रंग बदलला तर 'पास' नावाच्या औषधाच्या गोळ्या पोटात गेल्यात असं समजायचं. त्या गोळ्या मूठभर असत, पोट ढवळून टाकत, त्यामुळे लोक नाना युक्त्या करत. डहाणूच्या खाडीवर होडी चालवणाऱ्या एका तांडेलानं सहा महिने मला स्वतःच्या ऐवजी भावाची थुंकी दिली, कारण भावाची 'जास्त चांगली' आहे असं त्याला वाटत होतं. उधव्याकडचा एक म्हातारा गोळ्या कोंबड्यांना घालायचा. पकडल्यावर शांतपणे म्हणाला, "बघ ना बाय, एक तरी खोकते काय?"

थुंकी आणि एक्स-रे यांच्या कागदांशिवाय आमच्याकडे तिसरा एक कागद होता, डॉक्टरांनी स्वतः तयार केलेला. झोप लागते का. जेवण गोड लागतं का. या महिन्यात कुणाकुणाशी बोललात. मनात काय येतं. वरच्या कचेरीला त्या कागदाचं विशेष वाटत नसे. डॉक्टर म्हणत, "फुप्फुस सुधारतं ते फोटोत दिसतं. माणूस सुधारतो का, हे फोटोत दिसत नाही." तो कागद भरायचं कामही माझ्याकडेच होतं.

चैती मला सापडली ती तळासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर. बसमधून उतरून तासभर चालायचं, मध्ये एक ओढा. ती तेव्हा पंचविशीची असेल. नवरा देवजी, डोळ्यांनी अधू झालेली सासू, आणि ती. दोन मुलं झाली होती, दोन्ही राहिली नव्हती. खोकला सहा महिन्यांचा आणि अंगावर मांस म्हणून नाही. फोटोत डाव्या बाजूला पोकळी दिसली.

अंगणात सगळे बसले होते. मी पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, "इस्पितळ."

"किती दिवस?" देवजीनं विचारलं.

"एक वर्ष."

देवजीनं आईकडे बघितलं. मग चैती म्हणाली, "दुसरा फोड."

"तसं करता येत नाही गं."

"तुझ्या हातात गठ्ठा हाय. दुसरा फोड."

गठ्ठा माझ्या हातात होता. त्याखालच्या पाकिटात 'घर' असेल की काय, हे मलाही माहीत नव्हतं. फोडून बघितलं असतं तर डॉक्टरांना कळलंही नसतं कदाचित. मी गठ्ठा पिशवीत टाकला. फाल्गुनात चैतीला इस्पितळात नेलं.

इस्पितळ आमच्यापासून दूर, मुंबईच्या वाटेवर होतं. डहाणूहून गाडीनं जायला अर्धा दिवस मोडायचा. स्वच्छ जागा, पांढऱ्या चादरी, दोन वेळचं जेवण, दूध. चैती तिथे खाटेखाली झोपायची. खाटेवर झोपवली तर पडेन म्हणायची. तिथे तिची बोली कुणाला येत नव्हती. मला तरी कुठे येत होती, पण ऐकून ऐकून समजायची, आणि ती माझं मराठी समजून घ्यायची. इथे लिहिताना तिचं बोलणं मी पुष्कळसं माझ्या मराठीत आणलं आहे. तिचा सूर काही मला कागदावर आणता येणार नाही.

दर महिन्याला मी कागद भरायला जायची. पहिल्या खेपेला थुंकीची डबी दिली तिनं, वजन केलं, वजन वाढलं होतं. तिसरा कागद काढला तर तोंड भिंतीकडे. झोप लागते का? उत्तर नाही. कुणाशी बोलतेस? उत्तर नाही. मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, "पाड्यावर गेलतीस?"

"परवाच गेले होते."

"काय बघितलंस?"

"बरे आहेत सगळे."

"ते नाय. काय बघितलंस?"

मला काही सांगता येईना. मी तिथे गोळ्या मोजायला गेले होते, घरं बघायला नाही. चैती परत भिंतीकडे वळली.

पुढच्या महिन्यात मी पाड्यावर मुद्दाम तिच्या घरी थांबले आणि डोळे उघडे ठेवले. शेळी गाभण आहे. दाराशी मोहाची फुलं वाळत घातलीत. सासू उन्हात बसून बोटांनी चाचपत नाचणीतले खडे काढते आणि चैतीनं ठेवलेलं सूप कुणाला हात लावू देत नाही. छपराच्या उत्तरेच्या कोपऱ्यातलं गवत वाऱ्यानं उडालंय. हे सगळं मी इस्पितळात जाऊन सांगितलं. चैती खाटेला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली. "उत्तरेचा कोपरा," ती म्हणाली. "तो दर साल उडते." मग तिनं आपणहून सांगितलं की तिला झोप लागत नाही, की वरणाला वास येतो, की खिडकीतून डोंगर दिसत नाही. मी लिहून घेतलं.

असं ते चालू झालं. मी घर नेऊन द्यायची, ती त्या बदल्यात उत्तरं द्यायची. तिच्यासाठी म्हणून मी बघायला शिकले. ओढ्याच्या कुठल्या दगडावर बायका घागर टेकवतात, देवजी आडोशाला बसून मासे धरायची मळी कशी विणतो, रानातून कुठल्या वाटेनं गुरं परततात. आजही डोळे मिटले तर त्या पाड्याचा नकाशा मी काढू शकेन. ज्या घरात माझी पन्नास वर्षं गेली त्याचा मला तितका नीट काढता यायचा नाही.

ज्येष्ठ सरता सरता मी पाड्यावर गेले तर चैतीच्या ओट्यावर एक बाई भांडी घासत होती. मला बघून आत गेली. देवजी बाहेर आला आणि खाली बघत उभा राहिला.

"कोण ही?"

"रूपी. तिचा नवरा मागच्या साली गेला." मग म्हणाला, "घरात आणली तिला."

तोच बोलत राहिला. "लावणी आली बाय. मी दिवसभर शेटच्या शेतावर. आई आंधळी. परवा ओढ्यावर पाणी आणाय गेली ती पडली. कोण बघणार? तुझ्या कागदात हे लिवतात काय कुठं?"

माझ्या कागदात ते लिहायला जागा नव्हती. देवजी वाईट माणूस नव्हता, हे मी तेव्हाही जाणून होते आणि त्यामुळेच मला त्याला चार शब्द सुनावता येईनात.

मी डॉक्टरांकडे गेले. ते सूक्ष्मदर्शकातून काच बघत होते, तसेच बघत राहिले. मी विचारलं, "चैतीला सांगायचं का?"

"सांगितलं तर काय करील?"

"निघून येईल. त्याच दिवशी."

त्यांनी मान वर केली. अर्धवट उपचाराचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक होता. जंतू औषधाला सरावतात. मग तेच औषध पुन्हा लागू पडेल याचा भरवसा नसतो, आणि दुसरं औषध आमच्याकडे फारसं नव्हतं. तिच्या थुंकीत जंतू दिसायचे थांबून जेमतेम एक महिना झाला होता. अजून आठ महिने काढायचे होते.

"खोटं बोला असं मी तुम्हाला सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि खरं सांगा असंही मला सांगवत नाही." ते परत काचेकडे वळले.

तेव्हा मी ठरवलं. माझं एकटीचं.

आषाढात गेले. चैतीनं विचारलं, "काय बघितलंस?" मी सांगितलं. लावणी झाली. शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक कपाळावर पांढरं. म्हातारीचा गुडघा दुखतो. सगळं खरं होतं. त्यातून फक्त एक माणूस मी काढून टाकलं होतं.

एक माणूस घरातून काढणं किती अवघड असतं हे मला दर महिन्याला कळत गेलं. घागर भरलेली असे, पण भरणारी नसे. छपरावर काकडीचा वेल चढलेला असे, लावणारी नसे. कार्तिकात मी बोलण्याच्या भरात सांगून गेले की अंगण सुरेख सारवलंय, आरशासारखं.

"कुणी सारवलं?"

"देवजीनं."

चैती हसली. सबंध वर्षात मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. देवजी शेणात हात घालून बसलाय या कल्पनेनं हसली असं मी समजले आणि मीही हसले. घरी परत येताना गाडीत मला ते हसणं आठवून पाणी आलं डोळ्यांत. शेजारच्या गुजराती बाईनं विचारलं, "शुं थयुं, बेन?" मी डोळ्यात इंजिनाचा कोळसा गेला म्हटलं.

फाल्गुनात वर्ष संपलं. थुंकी स्वच्छ, पोकळी मिटलेली, वजन इतकं वाढलेलं की येताना नेसून आलेलं लुगडं तिला तोकडं पडलं. तिला घेऊन यायला मीच गेले. गाडीत सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. पालघर गेलं, बोईसर गेलं, वाणगाव गेलं. चैती खिडकीशी बसून बाहेर बघत होती आणि तिचा चेहरा मला इतका शांत दिसत होता की माझी जीभ उचलेना. डहाणूला बस पकडली. तळासरीला उतरून चालायला लागलो. ओढा आला. मी म्हटलं, "चैती, जरा थांब, एक सांगायचंय."

"घरी जाऊ दे आधी," ती म्हणाली आणि पुढे झाली.

रूपी दारात उभी होती. तिनं पाय धुवायला पाणी आणून ठेवलं. चैतीनं पाय धुतले, आत जाऊन म्हातारीच्या शेजारी बसली. म्हातारीनं तिचे दंड चाचपले, गाल चाचपले आणि म्हणाली, "भरलीस गं." देवजी बाहेर शेळीजवळ उभा होता. माझ्याकडे चैतीनं एकदाही बघितलं नाही. मला बस गाठायची होती. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी ती भावाकडे गेली आणि तिथून पुढं घोलवडला, चिकूच्या वाडीत कामाला. हे मला महिन्याभरानं कळलं.

आमच्या कागदांवर तिच्या नावापुढं लिहिलं गेलं 'पूर्ण बरी'. लाल पेन्सिलनं, डॉक्टरांच्याच हातानं. आमच्या पाहणीतला तो सगळ्यांत चांगला निकाल होता. आणि काही वर्षांनी सगळीकडेच मान्य झालं की घरी राहून औषध घेणारा रोगीही तितकाच बरा होतो, त्यासाठी त्याला घरदार सोडायला लावायची गरज नाही. आज ही गोष्ट कुणालाही विशेष वाटत नाही. डॉक्टरांची बदली झाली त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "म्हणजे चैतीला न्यायची गरजच नव्हती." ते पुस्तकं खोक्यात भरत होते. म्हणाले, "तिला नेलं म्हणून तर आपल्याला ते कळलं, राऊतबाई." वाक्य पुरं झाल्यावर ते बराच वेळ तेच एक पुस्तक हातात धरून उभे होते.

पण बरा झालेला रोगीही आम्ही सोडत नव्हतो. रोग उलटतो का हे बघायला वर्षातून एकदा थुंकी, एक फोटो आणि तो तिसरा कागद. म्हणजे वर्षातून एकदा मला घोलवडला जाऊन चैतीसमोर उभं राहावं लागे. ती डबी भरून देई. फोटोला येई. तिसऱ्या कागदाला "लिव तुझ्या मनानं" म्हणे. रागावून नव्हे, पण त्यापुढं एक अक्षर नाही. पाड्यावर काय बघितलंस हेही तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मी समजले ते असं, की हिनं मला ओळखलं, आणि आता हिला माझ्याकडून काही नको. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली. तिला झोपवताना मी गोष्टी सांगायची त्यात एक डोंगराजवळचं घर असायचं, आणि ते सांगताना कधी कधी मी मध्येच थांबायची.

चैतीची फाइल बंद करायच्या साली मी शेवटची गेले. हिवाळ्याचे दिवस. वाडीच्या शेडमध्ये चिकूचे ढीग पडलेले, आणि बायका धुतलेले चिकू निवडून करंड्यांत भरत होत्या. दुपारच्या गाडीला माल जायचा होता. चैती आता त्या बायकांच्या वरची होती. अंगानं भरलेली, केसांत एक पांढरी बट. डबी झाली, वजन झालं. मी तिसरा कागद काढला आणि तसाच मिटून ठेवला.

"चैती, आता मी पुन्हा येणार नाही. त्याआधी एक बोलते. रूपीचं मला माहीत होतं. आठ महिने तुझ्याशी मी खोटं बोलले."

ती चिकू निवडत होती. देठाशी नख लावून बघायची आणि इकडे किंवा तिकडे टाकायची.

"मना माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"श्रावणात. आमच्या शेजारच्या पाड्यातली एक बाय आलती ना दवाखान्यात, तिनं सांगितलं."

"मग तू निघून का नाही आलीस?"

"कुठं येऊ? आणि मरायचं नव्हतं मना."

मी मिटलेला कागद पिशवीत टाकला. मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी दर महिन्याला येत होते, इतकं सगळं रचून सांगत होते."

चैतीचे हात थांबले.

"तू सांगायचीस ना बाय, तवा ती घरात नसायची," ती म्हणाली. "शेळी असायची, म्हातारी असायची. घर माझं असायचं. तू गेलीस की महिनाभर पुरायचं मना. तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"आणि घरी आल्यावर? पाच वर्षं माझ्याशी बोलली नाहीस."

"काय बोलू? तुला बघितलं की पाडा दिसायचा. नको वाटायचं. मग तू गेल्यावर वाटायचं, विचारायला पायजे होतं."

शेडच्या बाहेर मालाची बैलगाडी येऊन लागली. करंड्या उचलायला माणसं आली. चैतीनं त्यांना कुठल्या आधी न्यायच्या ते हातानं दाखवलं आणि परत माझ्याकडे वळली.

"म्हातारी कशी हाय?"

या खेपेस मी काही वगळणार नव्हते. "गेली," मी म्हटलं. "भाद्रपदात."

"जवळ कोण होतं?"

"रूपी. पंधरा दिवस उठून कुठं गेली नाही. भरवत होती, पुसत होती."

चैतीनं हातातला चिकू ढिगात ठेवला. पदरानं चेहरा पुसला आणि थोडा वेळ पदर तसाच धरून राहिली.

"बरं केलं तिनं," ती म्हणाली.

मग एक रिकामी करंडी उपडी घालून तिनं ती माझ्याकडे सरकवली.

"बस बाय. तुझी गाडी जाऊ दे, संध्याकाळला दुसरी हाय. सगळं सांग मना, पयल्यापासून. आता रूपीला घालून सांग."